वसंतरावांनी केलेलं भाषांतर

वसंतराव गेल्याचा फोन त्यांच्या घरमालकीणबाईंनी केला. "डॉक्टरसाहेब अगदी शांतपणे गेले," त्या म्हणाल्या. मला ते पटलं नाही. मी ओळखत होतो ते वसंतराव शांत कधीच नव्हते, आणि त्यांचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही.

साताऱ्याचा हा माणूस युद्धाआधी रसायनशास्त्र शिकायला बर्लिनला आला आणि हॅना नावाच्या ज्यू मुलीसाठी तिथंच राहिला. परराष्ट्र खात्यातला एक तरुण अधिकारी त्यांच्याकडे संस्कृत शिकायला यायचा, हॅनाच्या हातचं जेवायचा. पुढे ज्यूंची धरपकड सुरू झाली, हॅना एका मैत्रिणीकडे लपली. तिला स्वित्झर्लंडला धाडण्यासाठी वसंतरावांनी या शिष्यालाच गळ घातली. "बघतो उद्या," म्हणत त्यानं पत्ता विचारून घेतला. सकाळी त्या पत्त्यावर पोलीस आले. पत्ता आणखी कुणालाच ठाऊक नव्हता... हॅना परत आली नाही.

युद्धानंतर बॉनला नवं परराष्ट्र खातं उभं राहिलं. अनुभवी माणसं हवीत म्हणून जुन्यांपैकी बरेच जण परत आले. हाही आला, आणि चढत गेला.

हॅनोव्हरच्या औद्योगिक मेळ्यात तो भेटला, तेव्हा मी तिथं पीएच.डी. करत होतो. वसंतराव भारतीय पाहुण्यांचे दुभाषे होते, मी त्यांच्या मदतीला. त्याला भारतात राजदूत म्हणून पाठवायचं घाटत होतं. वसंतरावांना पाहताच तो "गुरुजी!" म्हणत पुढे आला. हॅनाचा विषय निघण्याआधीच हळहळला, "युद्धात फार माणसं गेली हो."

दिल्लीच्या परराष्ट्र खात्यातले एक नागपूरकर अधिकारी शेजारी उभे होते. हा त्यांच्याकडे वळून जर्मनमध्ये म्हणाला, "भारत माझं दुसरं घर आहे."

वसंतरावांनी दुभाष्याच्या त्याच सपाट आवाजात मराठीतून सांगितलं, "हे म्हणतात, भारत यांचं दुसरं घर आहे. आता माझं ऐका. जिच्याशी माझं लग्न व्हायचं होतं, तिला यांनी पोलिसांच्या हवाली केलं. ती मेली. हसत राहा, यांना मराठी कळत नाही."

"या, गेनाऊ!" अगदी बरोबर, अशा अर्थानं तो मान डोलावत म्हणाला.

नागपूरकरांनी हातातला पेला खाली ठेवला. निघताना ते वसंतरावांना एवढंच म्हणाले, "राजदूत पाठवायचा तर आधी आमची संमती लागते. ती नाकारताना आम्ही कारण देत नाही."

संमती आली नाही. ते कळल्यावर वसंतरावांनी बॉनला फोन लावला. मी समोरच होतो. "तुमची नेमणूक मी अडवली. हॅनासाठी," म्हणाले, आणि पलीकडचा श्वास ऐकत उभे राहिले. फोन त्यानंच ठेवला.

"बरं वाटलं का?" मी विचारलं.

"तेवढ्यानं काय होतंय रे? तो जेवतोय अजून."

परवा त्यांची खोली आवरायला गेलो. दाराशी वर्तमानपत्रं साचली होती. वसंतराव पेपर मागच्या बाजूनं उघडायचे, निधनवार्तांचं पान आधी. चष्मा कपाळावर सारून एकेका नावावर बोट फिरवायचे, त्याचं नाव नसलं की चहा टाकायचे. मी त्यांच्या खुर्चीत बसलो आणि एकेक पेपर तसाच उघडत गेलो. त्याचं नाव कुठंही नव्हतं.

तो पेपर आता मी माझ्या घरी सुरू केलाय.