जावक क्रमांक आणि माझं डोकं

नात गुडगावच्या एका कंपनीत प्रोग्राम लिहिते. परवा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून डोकं धरून बसली होती.

"आजी, स्टेट मोनॅड. उद्या टीमला समजवायचाय. तुला नाही कळणार यार."

"मला सांगून बघ. मला कळलं तर टीमलाही कळेल."

तिने सांगितलं. समज, ओळीने नंबर द्यायचेत. पुढचा नंबर कुठला, हे फंक्शनने स्वतःजवळ लपवायचं नाही. तो त्याच्या हातात द्यायचा, त्याने दोन गोष्टी परत करायच्या: उत्तर आणि बदललेला नंबर. हा बदललेला नंबर जो पुढच्या पायरीकडे पोचवतो, तो मोनॅड.

"आणि पहिला नंबर?"

"बाहेरून. तोवर काही चालत नाही, नुसती कृती लिहिलेली असते."

"म्हणजे जावक रजिस्टर."

"जावक म्हणजे?"

ऑफिसातून जाणारी पत्रं, बाई. पंचविशीत मी दिल्लीत आर. के. पुरमच्या एका सरकारी ऑफिसात तेच करायची. पत्राला पुढचा नंबर घालायचा, लगेच रजिस्टरात चढवायचा. पण आमच्या राणीसरकारना, म्हणजे मलाच, स्मरणशक्तीची केवढी मिजास! नंबर डोक्यात, रजिस्टर संध्याकाळी. साहेब एकदा "वाह, क्या दिमाग है" म्हणाले, त्यावर मी वर्षभर तरंगले.

आई पुण्यात अंथरुणाला खिळलेली. मी बदलीचा अर्ज केला, दिवसाचा पहिला नंबर त्यालाच घातला, आणि लॉनवर उन्हात शेंगा खायला गेले. माझ्यामागे एका बाबूने कूलरच्या मागणीचं पत्र काढलं. रजिस्टरात त्या दिवसाचं पान कोरं पाहून तोच नंबर घातला, नोंदही केली.

संध्याकाळी मला दिसलं. बोलले असते तर ती "वाह" गेली असती. म्हणून मी अर्जाची नोंदच केली नाही.

अर्जाला उत्तर आलं: आईच्या आजाराचा दाखला पंधरा दिवसांत पाठवा. येणारं टपाल बघणाऱ्या आवकवाल्याने त्यात लिहिलेला आमचा नंबर रजिस्टरात पाहिला आणि ते कूलरच्या फाइलीत लावलं. मी रोज टपालाची वाट पाहत बसले. फाइल उघडली एप्रिलात. आई फेब्रुवारीतच गेली होती.

नातीने लॅपटॉप मिटला. मग हळूच म्हणाली, "आणि कूलर?"

"आले की. एक तर माझ्याच टेबलाशी लावला. उन्हाळाभर गार वारा खाल्ला."