ठोकेकाकांचा कान

तपासनिसाने मीटरशेजारी बसून एक संत्रं सोललं आणि एका माणसाच्या तीस वर्षांच्या कसबाला बट्टा लावला. संत्रंही त्याच माणसाने दिलेलं.

तो माणूस म्हणजे ठोकेकाका. नवा रंग, नवं कपाट यांतून घरात जी वाफ सुटते, ती अडवणाऱ्या फिल्टरची परीक्षा त्या प्रयोगशाळेत होई. काचेच्या नळीत कोळशाचे दाणे भरायचे, एका टोकाने वाफ सोडायची, दुसऱ्या टोकाला मीटर. दाणे सैल बसले तर वाफ फटीतून पळते. म्हणून काका लाकडी पट्टीने नळीला ठोके देत, कान लावून. दाण्यांचा खसखस आवाज थांबला की म्हणत, "बसली पोरं वर्गात." घरी डाळीचा डबाही ते तसाच भरत. काकू म्हणत, "डबा भरताय की परीक्षा घेताय?"

त्या दुपारी मीटरचा आकडा एकदम मर्यादेपलीकडे चढला. तपासनिसाने वेळ लिहिली, नमुना नापास केला, साल कागदात गुंडाळून खणात टाकली आणि हात धुवायला गेला.

बैठकीत सहा जणांसमोर प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी विचारलं, "भरणी सैल होती का?"

"असू शकते," तपासनीस म्हणाला.

दोनच शब्द. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. दुसऱ्या दिवसापासून ते काचसामान धुऊ लागले.

चौथ्या दिवशी मीटरच्या नोंदी उतरवताना तपासनिसाला दिसलं, की तो उठून गेल्यावरही यंत्र मोजत राहिलं होतं आणि चढलेला आकडा वीस मिनिटांत खाली आला होता. सैल भरणी अशी आपोआप घट्ट होत नाही, की वाफ पिऊन दमलेला कोळसा ताजातवाना होत नाही. त्याने मीटरची नळी चाचपली. सांधा अर्धवट बसलेला, आणि तो बसवला होता त्यानेच. खोलीतली हवा तिथून आत शिरत होती, संत्र्याच्या वासासकट; मीटरला तोही वाफच. खण उघडला तर वाळलेली साल अजून घमघमत होती. त्याचं तोंड एवढंसं झालं.

मॅडमच्या खोलीत, दार लावून, त्याने सगळं कबूल केलं. भरणीचं काम काकांकडे परत आलं.

"काका, चूक माझी होती."

"कळलं. मॅडम बोलल्या." काका नळी ठोकत होते. "संत्रं गोड निघालं का?"

"निघालं."

"मग फुकट नाही गेलं."

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"मला वाटलं, कान गेला. वय झालं." त्यांनी पट्टी खाली ठेवली. "घरी जाऊन डाळीचा डबा चारदा ओतला, चारदा भरला. काकूला वाटलं, डोकंच गेलं."

तपासनिसाला वाटलं, यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. 'असू शकते' त्याने सहा जणांसमोर म्हटलं होतं. 'नव्हती' मात्र बंद दाराआड, एकाच माणसाला सांगितलं होतं.

पुढच्या बैठकीत मॅडमनी विचारलं, "आणखी कुणाला काही सांगायचंय?" आणि त्याच्याकडे पाहिलं. त्याची खुर्ची करकरली. सगळ्यांच्या माना वळल्या.

"पंखा जरा कमी करता येईल का?" तो म्हणाला.

बटण काकांच्या मागे होतं. काकांनी उठून पंखा कमी केला.