चावडीच्या कोपऱ्यावर करुणाची जीप

कोणी विचारलं, की तुमच्या करुणाला हे गाडीचं वेड कुठून लागलं, तर माझं डोकंच फिरतं. वेड काहून म्हणता? पोरगा गाडी चालवतो तेव्हा त्याला धंदा म्हणता, आन् माझी पोरगी चालवते तर वेड? मी कमलबाई, करुणाची माय. तिनं घरच्या अंगणात जीपचं स्टेअरिंग कसं बदललं, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक न्हाई. पाना दे, चिंधी दे, बादली सरकव, हे सगळं मीच करत होते. म्हणून माझ्याकडूनच ऐका.

आमचं गाव डोंगरकडा गावापासून आत. सगळी काळी माती. पावसाळ्यात एसटी फाट्यावरच थांबते, आन् तिथून पुढं चिखलात शिरते ती एकच गाडी, आमची जुनी डिझेलची जीप. चारी चाकांनी ओढणारी. करुणाच्या बाबांनी, किशनरावांनी, ती जुनीच घेतली होती. घेतलं मी त्यांचं नाव, काय बिघडलं? हळदीच्या बायांना वावरात न्यायचं, केळीचे घड रस्त्याला आणून टाकायचे, अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात पोचवायचं, सगळं त्या जीपवर. आन् वर्षातून एक दिवस, चौदा एप्रिलला, तिला धुऊन पुसून निळे झेंडे लावायचे, पुढं बाबासाहेबांची तसबीर ठेवायची आन् मिरवणुकीत सगळ्यात पुढं काढायची. तसबिरीसाठी किशनरावांनी स्वतः वेल्डिंग करून लोखंडी स्टँड बसवला होता. दोन जाडजूड पाय, थेट गाडीच्या चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, जोडलेले. गर्दी कितीबी रेटू दे, तसबीर कधी हलली न्हाई.

मग यांचा डावा हात आन् डावा पाय लकव्यानं गेला. गिअर कसा टाकणार, क्लच कसा दाबणार? सगळे म्हणले, आता जीप विका. करुणा वावरात बापाजवळच गाडी शिकली होती. तिनं भिंतीवरची चावी काढली, हळदीच्या बाया भरल्या आन् वावरात नेऊन सोडल्या. झालं. वसमतचं एक स्थळ आलं होतं, चांगलं होतं. पोराकडचे म्हणले, मुलगी पसंत हाय, पण लग्नानंतर गाडी बंद. करुणानं त्यांच्यापुढचे चहाचे कप उचलले आन् म्हणली, "मग निघा, अंधार पडायच्या आत फाट्यावर पोचाल. सोडून येऊ का जीपनं?" मी तिला लई बोलले तेव्हा. पण आतून हसू बी येत होतं, खोटं काहून सांगू?

आता खरी गोष्ट. पळत्या गाडीचं स्टेअरिंग कोणीबी फिरवतं. पण मिरवणूक चालते लेझीमच्या तालावर. दोन पावलं पुढं आन् मग किती तरी वेळ जागच्या जागी. उभ्या गाडीची चाकं त्या जुन्या स्टेअरिंगनं वळवायची म्हणजे खांदे निखळतात. त्यात आमच्या चावडीचा कोपरा असा, की एका दमात पुरतं स्टेअरिंग कापलं तरच गाडी वळते. किशनरावांच्या दंडात तेवढा जोर होता. मागच्या वर्षी करुणा पहिल्यांदा मिरवणुकीत बसली आन् त्याच कोपऱ्यावर अडली. दोन्ही पाय टेकून, दात आवळून ओढत होती पोरगी. शेवटी चार बाप्ये आले, दोघांनी बाहेरून चाकाला लाथा घातल्या, दोघांनी स्टेअरिंगला हात घातला. गाडी वळली, पण लोकं हसले. आपलेच लोकं, बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं!

बुद्धभूषण म्हणजे यांच्या भावाचा पोरगा, जयंती मंडळाचा अध्यक्ष. पोरगं वाईट न्हाई, पण अध्यक्ष झाल्यापासून मान वर करूनच चालतं. होळी झाली तसा तो घरी आला आन् म्हणला, "काकू, या वर्षी तसबीर ट्रॅक्टरवर नेऊ. करुणाताईला उगं तकलीफ."

"तकलीफ मला हाय का तुला?" करुणा आतून ओरडली.

"ताई, हे मनगटाचं काम हाय. बाईमाणसाला…"

"पुरं बोल ना. बाईमाणसाला काय?"

भूषण म्हणला, "बरं. या वर्षी जीपच काढू. पण कोपऱ्यावर मी चौघं उभे ठेवणार. त्यांना हात लावावा लागला, तर पुढल्या वर्षीपासून कायमचा ट्रॅक्टर. कबूल?"

"कबूल," करुणा म्हणली. मला इचारलं न्हाई, बापाला इचारलं न्हाई. किशनराव बाजेवर बसून ऐकून राहिले होते. तो गेल्यावर म्हणले, "ते स्टेअरिंग तुला वळायचं न्हाई, बाई. मला माहीत हाय ना."

"मग स्टेअरिंगच बदलते," ती म्हणली.

नांदेडच्या भंगारातून तिनं एका मोडीत निघालेल्या गाडीचं पॉवर स्टेअरिंग आणलं. इंजिनाच्या पट्ट्यावर पंप फिरतो, पंप तेलाला रेटतो, आन् तेल चाक वळवायला जोर लावतं, असं तिनं मला समजावलं. म्हणजे मनगटाचं काम तेलानं करायचं. मी म्हणलं, हे भूषणला सांग. ती म्हणली, त्याला दाखवते.

चाँद पाशा आमच्या गावचा वेल्डिंगवाला. यांचा जुना दोस्त. तो आला आन् आधी जुन्या स्टेअरिंगचा खेळ बघितला. सांधे इतके झिजले होते, की स्टेअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकाला खबर न्हाई. करुणानं ते सगळे सांधे बदलले, ग्रीस भरलं. मग पॉवर स्टेअरिंगचा नवा बॉक्स चासीला लावून बघितला आन् चाँद पाशानं डोकं खाजवलं.

"भाभी, तसबिरीच्या स्टँडचा एक पाय कापना पडता. बॉक्सची जागा तिथंच हाय."

त्या स्टँडला कापायला गॅस लावायचा? किशनराव बाजेवरून गरजले, "हात लावायचा न्हाई त्याला!" मला बी ते बराबर वाटलं. करुणाचं तोंड उतरलं, तिनं पाना खाली ठेवला. चाँद पाशानं तर स्वतःच कान पकडले, "ना बाबा, मैं नहीं काटता."

मग करुणानं आन् चाँद पाशानं जुगाड केलं. बॉक्स मागं सरकवला. त्याच्या खालून एक आखूड लोखंडी हात निघतो, त्याला ड्रॉप आर्म म्हणतात, तोच चाकांना ढकलतो. त्याचं तोंड मागं असायला पाहिजे, ते या दोघांनी पुढं केलं. बसलं बरोबर. जाड पट्टी घालून बोल्ट आवळले, पंपाला पट्टा चढवला, तेल भरलं. गाडीचं पुढचं अंग जॅकवर. चाँद पाशा खाली उताणा पडलेला, करुणा सीटवर. इंजिन सुरू केलं, आन् तिनं एका बोटानं स्टेअरिंग फिरवलं. एका बोटानं हो! माझ्या डोळ्यात पाणी आलं. मी बी फिरवून बघितलं, शेजारच्या मोतीबाईला बी फिरवू दिलं. खालून चाँद पाशा ओरडून राहिला, "बराबर! एकदम बराबर!" तो उताणा पडलेला, त्याला काय डावं आन् काय उजवं. आमी सगळे स्टेअरिंगकडं बघत होतो. चाकांकडं बघितलं कोणी?

जॅक काढला. करुणानं गिअर टाकला. समोर डाव्या हाताला आमची शिजवलेली हळद वाळत घातलेली, म्हणून तिनं उजवीकडं कापलं. आन् जीप गेली डावीकडं, थेट हळदीत! ती घाबरून अजून उजवीकडं कापते, तर जीप अजून आत. मी बोंब मारली, मोतीबाई पळाली, कोंबड्या छपरावर. ड्रॉप आर्मचं तोंड उलटं केलं, तर गाडीबी उलटी वळणार ना! एवढी साधी गोष्ट कोणाच्या ध्यानात आली न्हाई, कारण सगळ्यांचं ध्यान त्या स्टँडच्या पायात होतं.

तासाभरात गावभर झालं. भूषण मुद्दाम आला, हळदीतली चाकं बघून म्हणला, "ताई, उलटी जाऊन राहिली म्हणे? मग चौघं न्हाई, आठ उभे ठेवतो." करुणानं त्याच्याकडं बघितलं बी न्हाई. तो गेल्यावर ती बाजेपुढं येऊन उभी राहिली. हात तेलानं काळे, पायाला हळद.

"बाबा, स्टँडचा पाय कापायचा हाय."

"न्हाई म्हणलं ना."

"काहून न्हाई? तुमीच शिकवलं मला, दगडाला शेंदूर लावून त्यापुढं नाक घासायचं न्हाई. आजोबांनी घरातले देव नदीत सोडले, हे तुमी किती तरी वेळा सांगितलं. आन् आता तुमी लोखंडाला देव केला? बाबासाहेब त्या पायात हायेत का?"

"ते माझ्या हातचं काम हाय!" किशनराव ओरडले. मेलेला डावा हात मांडीवर पडलेला. तेव्हा मला कळलं, ते तसबिरीचं नव्हतंच. त्या स्टँडशिवाय त्यांचं त्या गाडीत काय उरलं होतं? मला लई वाईट वाटलं, पण मी करुणाला गप बस म्हणलं न्हाई.

"मला माहीत हाय, तुमच्या हातचं हाय," ती म्हणली. "म्हणूनच इचारून राहिले. न्हाई तर तुमी झोपल्यावर कापला असता."

किशनरावांनी तिच्या तेलकट हातांकडं बघितलं. मग मला म्हणले, "खडू आण." मी त्यांना धरून जीपपाशी नेलं. त्यांनी उजव्या हातानं स्टँडच्या पायावर पांढरी रेघ ओढली. "इथं काप. याच्यावर न्हाई, वर ताकद लागते. आन् ते जुनं स्टेअरिंग काढलंय ना, त्याचा उभा दांडा फेकू नको. त्याचा नवा पाय कर आन् बंपरला जोड. दमदार लोखंड हाय ते, माझे खांदे त्यानंच खाल्ले." चाँद पाशा हसला आन् म्हणला, "किशनभाई बोला, तो मैं काटता."

बॉक्स पुढं आला, ड्रॉप आर्मचं तोंड मागं गेलं, स्टँडला नवा पाय बसला. या खेपेला मी स्वतः जीपपुढं खाली बसले, चाकांकडं तोंड करून. करुणा सीटवरून ओरडली, "उजवीकडं कापलं!" मी चाकं बघितली, दोनदा बघितली, आन् मग म्हणलं, "उजवीकडंच गेली. पण हळदीपासून लांब ठेव." त्यानंतर ती रोज कालव्याच्या कच्च्या रस्त्यानं खड्ड्याखड्ड्यांतून गाडी फिरवून आणायची आन् परत येऊन प्रत्येक बोल्ट आवळून बघायची. भूषणला आमी कोणीच काही सांगितलं न्हाई. हसू दे म्हणलं.

चौदा एप्रिल आला. तसबीर चढली, झेंडे लागले. करुणानं पांढरी साडी नेसली, पदर खोचला आन् स्टेअरिंगवर बसली. शेजारच्या सीटवर किशनराव. मी मागं, बायांबरोबर. लेझीम, हलगी, नुसता निळा गुलाल. चावडीचा कोपरा आला तर खरंच चौघं उभे. भूषणनं ठेवलेलेच, बाह्या सारून. आजूबाजूच्या ओट्यांवर लोकं चढलेले. मागच्या वर्षी जे हसले ते सगळे हजर.

लेझीम थांबली. जीप कोपऱ्यावर उभी. किशनरावांना राहवलं न्हाई. किती वर्षं त्या कोपऱ्यावर त्यांचे खांदे दुखले होते. त्यांनी आपला चांगला हात पुढं केला आन् स्टेअरिंग धरलं, पोरीला जोर द्यायला. ते चौघं बी पुढं सरकले.

"हात काढा, बाबा," करुणा म्हणली.

त्यांनी तिच्याकडं बघितलं. मग हात काढला आन् मांडीखाली दाबून बसले. करुणानं डावा हात गिअरवर ठेवला, उजव्या हातानं स्टेअरिंग फिरवलं, एकदम पुरतं, आन् जीप कोपरा कापून सरळ गल्लीत शिरली. तसबीर हलली न्हाई. ते चौघं बाह्या सारलेलेच उभे.

हलगी कडाडली. बायांनी एकच गलका केला. भूषण पुढं येऊन म्हणला, "मानलं ताई. चला, चला पुढं."

"थांब," करुणा म्हणली. "नीट दिसलं न्हाई कोणाला. पुढल्या वर्षी परत कोणी इचारायला नको." आन् तिनं रिव्हर्स टाकला. गच्च गर्दीतून, उलट्या बाजूनं, त्याच कोपऱ्यातून! तिला मागचं कसं दिसणार?

तेवढ्यात किशनराव दाराबाहेर वाकले. मांडीखालचा हात निघाला आन् जीपच्या पत्र्यावर धडाधड पडायला लागला. गाडीवरचा क्लीनर मारतो तसा. ज्या माणसानं लकव्याआधी मिरवणुकीत त्या गाडीचं स्टेअरिंग कोणाच्या हातात दिलं न्हाई, तो माणूस सगळ्या गावापुढं गळा फाडून ओरडून राहिला होता, "सरका रे, सरका! माझी पोरगी गाडी मागं घेऊन राहिली! येऊ दे करुणा, येऊ दे… येऊ दे…"