पाच फ्रेमचा तुकडा

या लेखात मी कुणाचंही नाव घेणार नाही. त्या थोर संकलकाचं घेतलं तर पुन्हा त्याचंच लक्षात राहील, आणि ते पुरेशा पुस्तकांत छापून झालंय. आजींचं नाव घ्यायला माझी हरकत नाही, पण ज्यांनी ते आधी लिहायला हवं त्यांनी लिहावं. त्यांचं काम मी का करू?

मी स्वतः संकलक आहे. ‘होते’ असं लिहिणार होते, हात आवरला. मुंबईत अकरा वर्षं सिनेमे कापले, सुरुवातीला खऱ्या फिल्मवर, नंतर कॉम्प्युटरवर. मग नवऱ्याला नेदरलँड्समध्ये नोकरी लागली आणि त्याच्या व्हिसाच्या शेपटीला बांधली जाऊन मी इथे आले. निघाले तेव्हा हातात एक सिनेमा होता, मध्यंतराच्या बरंच पुढपर्यंत कापलेला. उरलेला दुसऱ्याने संपवला आणि श्रेयनामावलीत त्याच्या एकट्याचंच नाव आलं. फोनवर मैत्रीण माझ्यासाठी भांडायला तयार झाली होती. मीच म्हटलं, जाऊ दे. मला हे ‘जाऊ दे’ फार पटकन येतं.

आता आठवड्यातले तीन दिवस मी जुन्या फिल्म जपणाऱ्या एका संस्थेत रिळं तपासते. सुटलेले सांधे पुन्हा जोडायचे, फाटलेल्या कडा दुरुस्त करायच्या. बुधवारी मात्र आम्ही राहतो त्या रायस्वाइकमध्येच, घरापासून सायकलवर सहा मिनिटांच्या वृद्धाश्रमात जाते. माझं डच सुधारावं आणि तिथल्या कुणाला तरी सोबत व्हावी, असा दुहेरी बेत. पहिल्याच दिवशी मला ज्यांच्यासमोर बसवलं त्या नव्वदीच्या आजी मूळच्या रोमच्या निघाल्या. म्हणजे मी डच शिकायला गेले ती इटालियन बाईकडे.

आजी टीव्ही बघत होत्या, आवाज पूर्ण बंद करून. डाव्या हाताचं एक बोट खुर्चीच्या दांड्यावर मधूनच टेकत होतं. मला वाटलं, वयाने हात थरथरत असेल. थोड्या वेळाने ध्यानात आलं की ते बोट दर वेळी नेमकं कटवर, चित्र बदलतं त्या क्षणी, पडतंय. साध्या प्रेक्षकाला कट कळतच नाही, कळला तर उशिरा कळतो. यांना तो येण्याआधी माहीत होता. मी दोन बोटांची कात्री करून विचारलं, तुम्ही हे काम करायचात का? त्यांनी माझ्या दुसऱ्या हाताकडे बघितलं. तो टेबलावर तेच करत होता.

“तूपण,” त्या म्हणाल्या. ओळख एवढ्यावर झाली.

सत्तरएक वर्षांपूर्वी, सतराव्या वर्षी, आजी रोममधल्या एका एडिटिंग रूममध्ये सांधे जोडायला लागल्या. तिकडे तेव्हा शूटिंगच्या वेळचा आवाज धरतच नसत, सगळे संवाद नंतर भरायचे, पुष्कळदा दुसऱ्याच कुणाच्या तोंडून. रस्त्यावरून धरून आणलेल्या गवंड्याला किंवा मासेवालीला संवाद पाठ होत नसत. मग दिग्दर्शक सांगायचा, नुसते आकडे म्हण, पण जरा दुःखाने. त्यामुळे आजींच्या टेबलावर जे यायचं ते मुकं. पडद्यावरचा मुलगा आईचा निरोप घेतोय आणि प्रत्यक्षात म्हणतोय अकरा, बारा, तेरा. आजी आधी ओठ वाचायला शिकल्या आणि मग ओठ सोडून हात बघायला शिकल्या, कारण आकडे म्हणणाऱ्याच्या तोंडावर काही नसलं तरी हातांवर असायचं.

त्या खोलीचा मालक म्हणजे तो थोर संकलक. बाराच्या सुमाराला यायचा, टोपी खुंटीला लावायचा, आजींनी कापलेलं रीळ बघायचा, ‘हं’ म्हणायचा आणि जेवायला जायचा. दोनेक वर्षांनी ‘हं’ म्हणायचाही कंटाळा करायला लागला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. असे नऊ सिनेमे झाले. एकाच्याही नामावलीत आजी नाहीत, मदतनीस म्हणूनही नाहीत. त्यातला एक तर त्यांनी पहिल्या रिळापासून शेवटच्यापर्यंत एकटीने कापला, कारण त्या उन्हाळ्यात साहेब समुद्रकिनारी प्रकृतीला आराम देत होते. पुढे आजींनी एका डच माणसाशी लग्न केलं आणि त्या इकडे आल्या. हेमेंतेच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या कार्डावर कारकुनाने व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं, व्यवसाय नाही. हे सांगताना त्या हसल्या. मला हसू आलं नाही. माझा फॉर्म नवऱ्याने भरला होता, त्यातही गृहिणी असंच होतं, आणि खाली सही माझी होती.

दर बुधवारी मी त्यांना सांगायची की या आठवड्यात माझ्या टेबलावर कुठलं रीळ आहे. एकदा म्हटलं, इटालियन आहे, कुणा संग्राहकाच्या घरातून आलेली कामाची प्रत, म्हणजे एडिटिंगच्या टेबलावर प्रत्यक्ष कापलेली. एक विधवा शेंगा सोलत बसलीय आणि मुलगा तिला सांगतोय की मी चाललो. दांड्यावरचं त्यांचं बोट थांबलं. तोच तो उन्हाळ्यातला सिनेमा होता.

आमची संस्था तो सिनेमा नव्याने स्वच्छ करून दाखवणार होती आणि त्याची पुस्तिका माझ्या पिशवीत होती. मी त्यांना शेंगांच्या प्रसंगावरचा मजकूर वाचून दाखवला. मुलगा बोलता बोलता चित्र किंचित उडी मारतं, त्यानंतर त्याचं एक वाक्यही ऐकू येत नाही, आणि शेंगा संपेपर्यंत आपण फक्त आईचे हात बघत राहतो. पुस्तिकेच्या मते ही उडी म्हणजे त्या संकलकाच्या धाडसाचा कळस होता. उचलली जीभ लावली टाळ्याला.

आजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “धाडस कसलं? चूक आहे ती. माझी.”

मुलगा सतरा म्हणून आवंढा गिळतो, त्याच्यानंतर कापायचं होतं. त्यांनी आधीच कापलं. तेव्हा सांधा सिमेंटने, म्हणजे फिल्मच्या खास डिंकाने, जोडायचे. तो उकलला की दोन्हीकडची एकेक फ्रेम वाया जाते, आणि गेलेली फ्रेम परत मिळत नाही. घाबरून त्यांनी फेकलेल्या तुकड्यांच्या टोपलीतून आवंढ्याचा तुकडा शोधला, कसाबसा पाच फ्रेमचा निघाला, तो मध्ये चिकटवला. चित्र उडी मारायला लागलं. ती उडी झाकायला त्यांनी मुलाचं पुढचं सगळं बोलणं काढून टाकलं आणि आईचे हात शेंगा संपेपर्यंत ठेवले. साहेबांनी परत आल्यावर बघितलं, हं म्हणाले. निगेटिव्ह त्या प्रतीबरहुकूम कापली गेली आणि चूक अजरामर झाली.

“पाच,” त्या पुन्हा म्हणाल्या. “मोजून बघ.”

दुसऱ्या दिवशी मी कार्यक्रम ठरवणाऱ्या आमच्या साहेबाकडे गेले. इथे साहेबालाही अरेतुरे करतात, त्यामुळे भांडण सोपं जाईल असं वाटतं, पण जात नाही. सगळं सांगून मी म्हटलं, संकलन या शब्दापुढे आजींचं नाव घाल. त्याने माझ्यासाठी स्वतः कॉफी आणली, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाला की म्हातारी माणसं पुष्कळ काही सांगतात. मी म्हटलं, रीळ मी अजून त्या सांध्यापर्यंत नेलेलं नाही, तू चल आणि तूच मोज. तो आला. मी रीळ हळूहळू पुढे नेलं. पडद्यावरच्या मुलाने आवंढा गिळला आणि प्रकाशाच्या काचेवर बोटभर लांबीचा तुकडा येऊन थांबला, दोन्ही टोकांना सांधा. त्याने फ्रेम दोनदा मोजल्या. पाचच भरल्या.

मला वाटलं, झालं. पण तो म्हणाला, यावरून बाईंनी सांधा जोडला एवढंच सिद्ध होतं, आणि सांधे जोडणारी म्हणजे संकलक नव्हे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, चुकीच्या पुढे काय ठेवायचं आणि काय फेकायचं हे जो ठरवतो त्यालाच संकलक म्हणतात, आणि तुझी पुस्तिका ज्याची आरती करतेय ते सगळं त्या चुकीच्या पुढचंच आहे. तो म्हणाला, हेलास. हेलास म्हणजे खेद आहे, आणि इथे ते दार लावून घेताना म्हणतात. पुस्तिका छापून झाली होती, बदल समितीपुढे ठेवावा लागेल, समिती शरद ऋतूत बसेल. आजी नव्वद वर्षांच्या आहेत, असं मी म्हटलं. त्याने तेही लिहून घेतलं.

घरी येऊन मी भांडी आपटली. नवरा म्हणाला, अगं, तुझी नोकरी तरी सांभाळ. मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्ये येतं. ती फोनमधून मान वर न करता म्हणाली, “लाट मार, ममा.” म्हणजे, जाऊ दे. तेरा वर्षांच्या पोरीच्या तोंडात माझंच वाक्य दुसऱ्या भाषेत तयार होऊन बसलेलं ऐकलं आणि मला तिचा नाही, माझा राग आला. तिला हे शिकवलं कुणी? मी तिथेच जेवणाच्या टेबलावर मुंबईच्या निर्मात्याला मेल लिहिली की त्या सिनेमाचा मध्यंतरापर्यंतचा आणि पुढचा बराचसा भाग मी कापलाय, माझं नाव घाला. उत्तर आलेलं नाही. स्मरणपत्र दर सोमवारी जातं.

सिनेमा रविवारी दुपारी होता. मी चाकाच्या खुर्चीची टॅक्सी सांगून आजींना घेऊन गेले. त्यांनी निळा कोट घातला होता आणि केस सेट करून घेतले होते. साहेबाने सुरुवातीला भाषण केलं, त्यात त्या थोर माणसाचं नाव चार वेळा आलं. अंधार झाला आणि आजींचं बोट दांड्यावर पडायला लागलं. टक, टक. पुढच्या रांगेतली एक बाई वळून म्हणाली, आवाज करू नका, मेव्राउ, म्हणजे बाईसाहेब. आजींनी हात मांडीवर घेतला. हा सिनेमा जिने कापला तिला गप्प बस म्हणायला ही बाई पैसे देऊन आली होती. मी पुढे वाकून तिला एवढंच म्हटलं, की तुम्ही जे बघताय ते या बोटाने केलंय. ती पुन्हा वळली नाही. मी आजींचा हात उचलून परत दांड्यावर ठेवला. शेंगांचा प्रसंग आला, आवंढा आला, उडी आली, आणि सगळं सभागृह श्वास रोखून ते हात बघत बसलं. तिथे मात्र आजींनी बोट टेकवलं नाही. त्या रडत होत्या.

नंतर बाहेरच्या दालनात साहेब फुलांचा गुच्छ घेऊन आला. ज्यांनी त्या काळी संकलनाला हातभार लावला त्या आमच्या खास पाहुण्या, असं तो चारचौघांना सांगत होता. तोंडाला पानं पुसतात हे ठाऊक होतं, इथे फुलं पुसली. आजींनी गुच्छ घेतला, वास घेतला, मांडीवर ठेवला. मग विचारलं, “तो कुठे आहे आता?”

साहेब गोंधळला. तो थोर माणूस वारून खूप वर्षं झाली, असं त्याने हळूच सांगितलं.

“मग तो रागवायला येणार नाही. लिहा.”

साहेब समितीबद्दल बोलायला लागला. आजी त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्यांच्यामागे भिंतीवर काचेच्या चौकटीत सिनेमाचं मोठं पोस्टर होतं, खाली नावांच्या ओळी. त्यांनी माझ्यापुढे तळहात पसरला. काय हवंय ते मला विचारावं लागलं नाही. फिल्मवर खुणा करायची पिवळी मेणाची पेन्सिल माझ्या पर्समध्ये कायम असते, आणि ती काचेवर सगळ्यात छान उमटते. मी खुर्ची भिंतीला लावली. आजींनी डाव्या हाताने, संकलन या शब्दाच्या शेजारी, त्या माणसाच्या नावावरून सरळ आडवी रेघ मारली आणि वर स्वतःचं नाव लिहिलं. लग्नाआधीचं, पूर्ण.

साहेब मला बाजूला घेऊन समजुतीच्या सुरात म्हणाला की काही बिघडलेलं नाही, ते पुसता येईल.

“पूस,” मी म्हटलं. “त्यांच्यासमोर पूस.”

त्याने पुसलं नाही. लोक पांगले, टॅक्सी आली, मी आजींना परत सोडलं. रात्रीतून काच स्वच्छ होईल हे मी धरूनच चालले होते, आणि सोमवारी भांडायच्या तयारीनेच लवकर गेले. आमच्याकडे पहाटे सफाईला एक बाई येते, शहराच्या पार टोकाच्या झुइडओस्ट वस्तीतून पहिली मेट्रो धरून. तिचं नाव संस्थेच्या कुठल्याच कागदावर नाही. मी पोचले तेव्हा ती बादली उचलून निघालीच होती. दालनातली एकेक काच लख्ख झाली होती. पोस्टरची काचही कडेपासून कडेपर्यंत पुसलेली होती, तेवढी पिवळी ओळ सोडून.