भागोजी हवालदारांचं पहिलं मरण

भागोजी उतेकर पहिल्यांदा मेले तेव्हा ते जम्मूकडे कुठेतरी धडधाकट होते आणि रजा मंजूर झाली म्हणून भलत्याच खुशीत होते. त्या खुशीत त्यांनी घरी तार केली. चुकलं ते इथेच. वरंधच्या वरच्या अंगाला असलेल्या त्यांच्या वाडीत तार यायची ती माणूस गेल्याचीच. इंग्रजी वाचणारे मास्तर मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या गावी गेलेले. कागद हातात पडला नि म्हाताऱ्यांनी हंबरडा फोडला. नव्या नवरीला, रंगूबाईला, अंगणात बसवून त्यांनी तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं.

चौथ्या दिवशी काळी ट्रंक खांद्यावर घेऊन भागोजी दारात उभे राहिले. बायकोचे भुंडे हात बघून त्यांनी ट्रंक उंबऱ्यातच टाकली.

"कोण गेलं गो?"

चुलीपाशी बसलेली त्यांची आई किंचाळली, "तूच गेलास रे!"

बायकोचे हात भुंडे दिसले की गेलेला माणूस एकच असू शकतो, हे त्या घाबरलेल्या गड्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. वाडी त्यावर वर्षानुवर्षं हसली. रंगूबाई मात्र कधी हसली नाही.

दर्शना सून होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात हा किस्सा तिच्या कानावर आला. सासरे, म्हणजे घरातले आबा, तोवर निवृत्त होऊन भातशेतीत रमले होते. तिचा नवरा किशोर मुंबईला नोकरीत, महिन्यातून एकदा यायचा, त्यामुळे घर आबांच्याच हुकमतीत चालायचं. नातीच्या वेण्या तेच घालत, आणि त्याही इतक्या करकचून की पोरीच्या भुवया वर चढत. दर्शनाला स्कूटर शिकवली तीही त्यांनीच, "ब्रेक दाब, ब्रेक!" असं ओरडत मागे धावून. हवालदारानं सुनेला पलटणीत भरती केली, असं म्हणून बायका तोंडाला पदर लावत. दर्शनाला सख्ख्या बापाने एवढा जीव लावला नव्हता.

गेल्या वर्षी आबांना छातीचं दुखणं जडलं. महाडच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा आबांनी सुनेला पडवीत जवळ बसवलं.

"पोरी, मी गेल्यावर हिच्या बांगड्या कुनाला फोडू देऊ नको. मी जिता असताना एकदा फोडल्या. तेवढं लय झालं. शब्द दे."

तिने दिला.

भाद्रपदात एका सकाळी चहा पिता पिता ते गेले. दुपारपर्यंत किशोर पोचला, महाडहून माजी सैनिक तिरंगा घेऊन आले, अंगण भरलं. रंगूबाईच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. ती आल्यागेल्याला पाणी विचारत फिरत होती. तिरडी उचलायची वेळ झाली तशी तिची थोरली जाऊ हातात दगड घेऊन पुढे सरकली. दर्शना आडवी आली.

"काकी, बांगड्या नाय फोडायच्या. आबांना मी शब्द दिलाय."

"रीत हाय ती! कालची पोर तू, मला शिकवतेस?"

किशोर बायकोच्या बाजूला येऊन उभा राहिला. आता तोंडाला तोंड लागणार, एवढ्यात रंगूबाई आली, जावेसमोर बसली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

"फोड."

"आई!"

"फोडू दे गो, दर्शना. तवा फोडल्या तर चौथ्या दिशी दारात हुबा ऱ्हायला ना? बघू दे फोडून."

 दर्शनाला वाटलं, शब्द गेला खड्ड्यात, फोडू द्याव्या; चार दिवस तरी म्हातारी आशेवर काढेल. पण पुढे काय? तिने सासूचे हात बांगड्यांसकट आपल्या मुठीत घट्ट धरले.

"आई, तवा आबा जम्मूला व्हते. आता हे समोर हायत. बघा त्यांच्याकडं. आबा गेले."

रंगूबाईने मान वळवली. सकाळपासून तिने तिकडे एकदाही धड पाहिलं नव्हतं.

"खरंच गेला?" तिने लहान पोरीसारखं विचारलं.

दर्शनाने मान डोलावली. मग रंगूबाईने असा टाहो फोडला की दारातल्या माजी सैनिकांनीही टोप्या काढल्या. दोन्ही हातांनी ती ऊर बडवून घेऊ लागली. त्यात दोन बांगड्या आपोआप फुटल्या, आणि त्या काही दर्शनाला वाचवता आल्या नाहीत.