निजवलेलं अंजीर

गॅरेजमधलं जुनं फावडं हातात घेतलं की न्यू जर्सीतल्या या छोट्याशा इटालियन गावातला माझा पहिला नोव्हेंबर आठवतो. शेजारचे म्हातारे काका मागच्या अंगणात माणूसभर लांब खड्डा खणत होते. त्यांचा कुत्रा गेला असावा, असं वाटून मी हळहळत कुंपणाशी गेले, तर ते चक्क जिवंत अंजिराचं झाड दोरीने वाकवून खड्ड्यात निजवत होते. "उभं ठेवलं तर थंडीत मरतं," ते म्हणाले. "आजोबांनी इटलीहून कोटाच्या खिशात याची फांदी आणली. इथल्या खाणीत दगड फोडायला त्यांचं अख्खं गावच आलं होतं. आता घरोघरी त्याच झाडाची पोरं आहेत." आणि त्यांनी फावडं माझ्या हातात दिलं. माती लोटताना मला तो निव्वळ वेडेपणा वाटला. मग एप्रिलमधल्या एका रविवारी खिडकी उघडली आणि मी बघतच राहिले. कुंपणांपलीकडे, अंगणाअंगणांतून, मातीने माखलेली झाडं एकेक करून उभी राहत होती, आणि काकांच्या झाडाच्या शेंड्याला हिरवागार कोंब होता. काका आता नाहीत, त्यांच्या अंजिराचं पोर माझ्या अंगणात आहे. काल मी त्याला निजवत होते, तेव्हा नवी शेजारीण कुंपणाशी येऊन हळूच म्हणाली, "सॉरी, कुत्रा गेला का?" मी फावडं तिच्या हातात दिलं.