मामा येईपर्यंत थांबलेला घास

"वहिनी, गाडी तू चालवायचीस, बाकी सगळं माझ्याकडे," असं माझ्या नणंदेनं फोनवर जाहीर केलं आणि मी हो म्हणून बसले. ज्योती लहान मुलांची डॉक्टर आहे. गरीब वस्त्यांमधल्या तान्ह्या बाळांच्या अंगात रक्त का कमी असतं, हे घरोघरी जाऊन समजून घ्यायचं तिच्या डोक्यात कधीपासून होतं. बीड जिल्ह्यात उमापूरकडच्या एका वस्तीवर तिची ओळख निघाली. मी माझा स्वार्थ पाहिला. म्हटलं, एक दिवस तिचं काम, दुसऱ्या दिवशी कपिलधारचं देवदर्शन, येताना हुरडा, झाली सहल! ब्लॉगवरही बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नव्हतं.

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. पहाटे पुणं सोडलं, नगरला मिसळ खाल्ली आणि शेवगावच्या रस्त्याला लागलो. जाणाऱ्यांसाठी सांगते, रस्ता एकंदर बरा आहे, मधेमधे मात्र खड्डे असे येतात की मणक्यांची ओळख परेड होते. पेट्रोल नगरलाच भरून घ्या. आणि या दिवसांत उसाच्या ट्रॅक्टरांपासून जपा. एकामागे एक दोन ट्रॉल्या, दोन्ही गळ्यापर्यंत भरलेल्या, आणि मागची ट्रॉली झोकांड्या खात चालते. तिच्या शेजारून गाडी काढताना मी श्वास धरून बसायचे. मी मुळातच भित्री आहे, लिफ्टमध्येसुद्धा देवाचं नाव घेते. ज्योती शेजारी बसून खुशाल बोरं खात होती.

वस्ती उमापूरच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत. पाच-सहा पत्र्याची घरं, बाभळी, शेळ्या-मेंढ्यांचे वाडगे. पुरुषमाणसं मेंढरं घेऊन चाऱ्याच्या मागे गेलेली, काही जण ऊसतोडीला. पहिल्याच घरी सोजराआजींनी आम्हाला बसवलं. गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर "खा माय, लाजू नका" म्हणून आणखी एक भाकरी. मी पैसे विचारले तर आजी अशा बघायला लागल्या की मी पर्स मिटली.

घरात आजींची सून रेखा आणि तिची अकरा महिन्यांची मुलगी आरोही. आरोही वाकळेवर पडली होती. मी मोबाइल काढून तिचे फोटो घ्यायला लागले. काय गुणी बाळ! हलत नाही, रडत नाही, मी चुटक्या वाजवल्या तरी नुसती बघते. "किती शांत आहे हो," मी कौतुकानं म्हटलं.

"लई शांत," आजी म्हणाल्या. "काई तरास न्हाई लेकराचा."

ज्योती हात धुऊन आली, बाळाजवळ बसली आणि अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली. मी वाकूनच होते, म्हणून मलाही दिसलं. तिथं आत लाल असतं ना आपल्याला? आरोहीचं पांढरं होतं. ज्योतीनं बाळाचे तळहात पाहिले, छातीला नळी लावली, पोटाशी हात नेला. बाळाचं पोट भात्यासारखं भराभर वरखाली होत होतं आणि मी मघापासून त्याचे फोटो काढत होते. ज्योती माझ्याकडे न बघता म्हणाली, "वहिनी, गाडी काढ. बीडला न्यायचंय हिला, आत्ता."

तिचा तो आवाज मी पंचवीस वर्षांत ऐकला नव्हता. रेखा म्हणाली, "कावून? काय झालं?" आजी दारात आडव्याच उभ्या राहिल्या. "लेकराला ताप न्हाई, जुलाब न्हाई. दवाखाना कशापायी?"

"आजी, अंगात रक्तच राहिलं नाही तिच्या. हृदयाला ओढ लागलीय," ज्योती म्हणाली. "तुम्हीपण चला, पण आता चला."

आजी गाडीत बसल्या त्या माझ्या मागे, चप्पल हातात घेऊन. गेवराई येईपर्यंत मी एकदाही मागे पाहिलं नाही. आरशातसुद्धा नाही. पुढे ट्रॅक्टर, समोरून एसटी, आणि मागून ज्योतीचा आवाज थोड्या थोड्या वेळानं, "आरोही, ए आरोही, इकडे बघ बाळा." तो आवाज मधेच थांबला की मी गाडी आणखी दामटायचे. देवा, माझ्या गाडीत नको, असं मी मनात म्हटलं. स्वतःची लाज वाटली, तरी पुन्हा तेच म्हटलं.

ज्योती रेखाला एकेक विचारत होती. बाळाला काय काय देता?

"दूध," रेखा म्हणाली. "माजं थोडं, बाकी शेळीचं."

"आणि खायला?"

रेखानं आजींकडे पाहिलं. मग आजी म्हणाल्या, "उष्टावण झालं न्हाई अजून."

उष्टावण, म्हणजे बाळाचा पहिला घास, मामाच्या हातून व्हायचं. आमच्याकडेही तसंच करतात, त्यात काही नवल नाही. पण आरोहीचा मामा भागवत दिवाळीत टोळीबरोबर ऊस तोडायला कर्नाटकात गेला होता. त्याआधी मुहूर्त धरला तेव्हा घरात सुतक निघालं. जाताना भागवतनं आपली चांगली दुभती शेळी भाचीसाठी आणून बांधली आणि सांगितलं, मी येईस्तोवर हिला दूध कमी पडू देऊ नका. यांनी अजिबात कमी पडू दिलं नाही. बाळ रोज पोटभर दूध पीत होतं आणि त्याखेरीज पोटात काही म्हणजे काही जात नव्हतं. नाही म्हणायला दिवसातून दोनदा चमचाभर चहा. "चा घेतला की गप झोपती," आजी म्हणाल्या.

ज्योतीनं लोहाच्या थेंबांचं विचारलं. आरोग्य खात्याच्या आशाताईंनी बाटली आणून दिली होती. पण थेंब सुरू केल्यावर बाळाची शी काळी झाली, तेव्हा आजींनी घाबरून बाटली उकिरड्यात फेकली. आणि रेखाचं स्वतःचं रक्त पोटुशी असताना फार कमी भरलं होतं. म्हणजे आईकडून बाळाला जी शिदोरी मिळायची, तीच मुळात तोकडी होती.

ज्योती मला नंतर म्हणाली, "दुधात लोह जवळजवळ नसतंच, वहिनी. सहा महिन्यांनंतर अन्न लागतंच. त्यात शेळीच्या दुधात रक्त व्हायला लागणारं एक जीवनसत्त्व फार कमी, आणि चहा उरलंसुरलं लोह अंगी लागू देत नाही." तेव्हा गाडीत मला एवढंच कळत होतं की मामाची शेळी, आजीचा चहा, सगळं मायेनं दिलेलं होतं आणि त्यातूनच बाळ इथवर आलं होतं. याची मला जास्त भीती वाटली. दुष्ट माणूस असता तर निदान त्याला शिव्या तरी घातल्या असत्या.

बीडला सरकारी दवाखान्यात आरोहीला लगेच आत घेतलं. रक्त चढवायचं ठरलं, तेही अगदी हळूहळू, कारण दमलेल्या हृदयाला एकदम सोसणार नाही. रक्ताची पिशवी येईपर्यंत आम्ही बाहेर बाकावर. मी सगळ्यांसाठी चहा आणायला निघाले आणि अर्ध्यातून परत आले. चहा नकोच वाटला. मग केळी आणली. ती कुणी खाल्ली नाहीत.

पिशवी लागली. तळहातावर मावेल एवढ्या हाताला ती सुई बघवेना. सोजराआजी त्या नळीकडे टक लावून होत्या.

"कुनाचं हाय हे रगत?"

"कुणीतरी दिलेलं, आजी," ज्योती म्हणाली. "नाव नाही माहीत."

दुसऱ्या दिवशी बाळाचा श्वास जरा खाली बसला होता. माझा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच डॉक्टर सांगून गेले की आजपासून मऊ वरणभात चारायला लागा, नुसतं रक्त चढवून भागणार नाही, पुन्हा हेच होईल. रेखानं वाटीत वरणभात कुस्करला. आजींनी तिचं मनगट धरलं.

"भागवत येऊ दे."

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी तावातावानं म्हटलं, "अहो आजी, लेकरू मरायला टेकलं होतं काल! कसली रीत घेऊन बसलात?"

आजी माझ्यावर ओरडल्या नाहीत. खाली बघून म्हणाल्या, "रीतीचं न्हाई माय. हिच्या आदी एक पोरगं झालतं. त्या बारीला भागवत आला न्हाई, म्या म्हणलं राहू द्या, अन् माज्याच हातानं घास घातला. महिन्यात गेलं ते. असंच गप पडून ऱ्हायचं. आता ह्या बारीला मी हात लावणार न्हाई."

काल मी जेवढी घाबरले होते, त्याच्या कितीतरी पट भीती घेऊन ही बाई अकरा महिने त्या बाळाजवळ बसली होती. ज्योतीनं भागवतला फोन लावून दिला. तो उसाच्या फडातच होता, मागे कोयत्यांचे आवाज. "अगं मावशे, दे की तिला खाऊ! मी आलो की पुन्यांदा करू!" तो ओरडून ओरडून सांगत होता. आजी नुसती मान हलवत राहिल्या. त्याचं बोलणं त्यांच्या भीतीपर्यंत पोचत नव्हतं.

मग रेखा बोलली. आदल्या दिवसापासून विचारलं तेवढंच बोलणारी पोर. तिनं मनगट सोडवून घेतलं नाही, तसंच राहू दिलं आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, त्या पिशवीतलं रगत कुनाचं हाय, ठावं हाय तुमाला? कुन्या परक्या माणसाचं. त्यानं मामाला इचारलं न्हाई, तुमाला इचारलं न्हाई. ते लेकराच्या अंगात गेलेलं चालतंय. मग म्या जन्म दिलाय, माज्या हातचा घास कावून चालत न्हाई?"

आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी हळूच हात सोडला. "तू दे," म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. रेखानं बोटाच्या टोकावर वरण घेतलं. आरोहीनं ते जिभेनं बाहेर ढकललं. पुन्हा दिलं, पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा तिनं गिळलं, आणि आजींनी भिंतीकडे बघतच विचारलं, "ठसका तर न्हाई ना लागला?"

तिसऱ्या दिवशी आजींच्या आग्रहाखातर मी कपिलधारला जाऊन आले. बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की थोड्याच वेळात फाटा लागतो. हिवाळ्यात धार बारीक असते, धबधबा बघायचा तर पावसाळ्यातच जा. पायऱ्या निसरड्या आहेत, चप्पल बरी घाला. मंदिरात गर्दी नव्हती. शेजारी एक बाई मांडीवर बाळ घेऊन बसली होती आणि मी बेशरमपणे त्या बाळाची पापणी निरखत होते. ते बाळ माझ्या नाकाला धरून ओढायला लागलं तेव्हा कुठे बरं वाटलं. नारळ घेऊन दवाखान्यात परतले. हुरडा राहिलाच.

पुण्याला आल्यावर लोक विचारतात, ट्रिप कशी झाली? काय सांगू. भाकरी उत्तम, माणसं लाखमोलाची, आणि मी अजून झोपेत दचकते. सोसायटीतल्या बायकांना मी नकोशी झालेय, कारण कुणाचं बाळ शांत दिसलं की मी त्याचे डोळे बघते. ज्योती पंधरवड्यातून एकदा रेखाशी बोलते. आरोही आता भाकरीचा काला खाते, थेंब घेते, आणि काळी शी बघून आजी घाबरत नाहीत. उलट त्या स्वतः वस्तीवरच्या घरांमधून सांगत फिरतात की मामाची वाट बघू नका.

काल रेखाचा मला फोन आला. म्हणाली, एका घरानं आजींचं ऐकलं, त्यांचं उष्टावण झालं. पलीकडचं घर मात्र ऐकत नाही. त्यांचा मामाही ऊसतोडीलाच आहे, गुढीपाडव्याला येईल म्हणतात. मी विचारलं, बाळ कसं आहे?

"बरं हाय म्हणतेत," रेखा म्हणाली. "आईबाप तर लई खूश हायत, ताई. जन्मलं तवा सावळं होतं म्हणं, आता लई गोरं दिसायलंय."

मला आरोहीच्या पापणीआतलं ते पांढरं आठवलं. ज्योतीला फोन लावला. तिनं उचलायच्या आतच मी चपला घातल्या होत्या.